पहिल्या मिनिटाचा हिशेब कोण देणार?

निवडणूक जवळ आली की आपल्या समाजाच्या मागण्यांची यादी तयार होते. भवनाला जागा हवी, चौकाला नाव हवे, शिवजयंतीच्या मिरवणुकीला बंदोबस्त हवा, शाळेत मराठी विषय हवा, आणि तिकीटवाटपात आपला एखादा माणूस हवा. या मागण्यांत गैर काही नाही. पिढ्यान्पिढ्या तापीकाठी राहिलेल्या मराठी घरांनी आपला मान मागायचा नाही तर कोणी मागायचा? परंतु या यादीत एक ओळ मी आजवर कधी वाचलेली नाही. आमच्या लेकी-सुना ज्या दवाखान्यांत बाळंत होतात, तिथे बाळ रडले नाही तर त्याला श्वास देणारा शिकलेला हात दिवसा आणि रात्रीही हजर असतो काय? हा प्रश्न ना पार्षदाला विचारला जातो, ना विधायकाला, ना खासदाराला. आपण तो दवाखान्याच्या दारातसुद्धा विचारत नाही. पेढ्यांची ऑर्डर मात्र आधीच दिलेली असते.

मी डॉक्टर नाही. कॉमर्सचा पदवीधर, बँकेतला साधा कारकून. जमा आणि नावे जुळवणे हा माझा धंदा. पण बँकेच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला समाजाची एक बाजू अशी दिसते, जी मांडवात आणि मेळाव्यात दिसत नाही. आई-वडील आपल्या मुलाला कडेवर किंवा चाकाच्या खुर्चीत घेऊन येतात. मान धरत नाही, हात वळलेले, बोलणे फक्त आईलाच कळते. पेन्शनचे खाते काढायचे असते. मूल अठरा वर्षांचे झाले की नवीनच अडचण उभी राहते. सही करता येत नाही, म्हणून १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा दाखला आणा, असे आम्हालाच सांगावे लागते. तो दाखला कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. म्हातारा बाप पुन्हा कलेक्टोरेटच्या पायऱ्या चढतो. आणि फॉर्म भरता भरता सहज विचारले, तर अनेकदा तेच दोन शब्द ऐकू येतात : “उशिरा रडला.”

“उशिरा रडला.” पाऊस उशिरा आला म्हणावे, इतक्या सहजपणे आपण हे म्हणतो. जणू ती बाळाचीच चूक! किंवा सटवाईने पाचव्या दिवशी लिहायचे ते पहिल्याच मिनिटाला लिहून ठेवले. या दोन शब्दांच्या आड किती निष्काळजीपणा, किती अज्ञान आणि किती राजकीय अनास्था लपलेली आहे, ते मांडण्यासाठीच हा लेख आहे.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कोणा डॉक्टरबंधूंचा गैरसमज नको. अशा प्रत्येक मुलाचे दुखणे जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्यामुळेच झालेले असते, असे नाही. फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, पोटातला संसर्ग, हाताबाहेर गेलेली कावीळ, मेंदूच्या घडणीतला दोष, अशी पुष्कळ कारणे आहेत. कधी कधी सर्व काही चोख करूनही बाळ हातचे जाते. म्हणून दवाखान्याच्या काचा फोडणाऱ्यांच्या बाजूने मी एक अक्षरही लिहिणार नाही. पण जे टाळता येण्यासारखे आहे ते तरी टाळले जाते का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही?

बाळ गुदमरते म्हणजे काय होते?

पोटातल्या बाळाची फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात. त्याला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेतून आणि नाळेतून. प्रत्येक कळ आली की गर्भाशय आवळते आणि वारेकडे जाणारे रक्त थोडा वेळ कमी होते. कळ ओसरली की पुन्हा पुरवठा सुरू होतो आणि बाळ सावरते. निसर्गाने हा जमाखर्च नीट बसवलेला आहे. पण कळा एकावर एक येऊ लागल्या, मध्ये विसावाच उरला नाही, तर बाळाची शिल्लक संपत जाते. जन्मल्यावर पहिल्या काही श्वासांत फुप्फुसातले पाणी मागे हटून तिथे हवा शिरावी लागते. ते झाले नाही, तर हृदयाचे ठोके मंदावतात, अंग ढिले पडते आणि मेंदूला रक्त व प्राणवायू दोन्ही कमी पडतात. अशा बाळाला पुढे पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. काही बाळे जातात, काही पूर्ण बरी होतात, आणि काही आयुष्यभराचे पंगुत्व घेऊन घरी येतात.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे आता प्रत्येक घराला माहीत असलेच पाहिजे. आईच्या बाजूने पाहिले तर अंगात रक्त कमी असणे, रक्तदाब वाढणे, तोंडावर-हातांवर सूज येऊन डोके दुखणे व डोळ्यांपुढे अंधारी येणे, मधुमेह, फार कोवळे वय किंवा पस्तिशीपुढचे बाळंतपण. बाळाच्या बाजूने पाहिले तर दिवस भरण्याआधीचा जन्म किंवा दिवस उलटून जाणे, जुळे असणे, पायाळू किंवा आडवे असणे, पोटात वाढ खुंटणे. आणि प्रत्यक्ष बाळंतपणात पाणमोट फुटून बराच वेळ जाणे, आईला ताप येणे, पाणी हिरवट-काळपट जाणे, बाळाआधी नाळ खाली येणे, वार आधीच सुटून रक्त जाणे, आणि बाळंतीण तासन्तास अडून राहणे.

यांत माणसाच्या हाताने वाढवलेला धोकाही आहे, आणि त्याबद्दल आपण फार मवाळ बोलतो. “कळांचे इंजेक्शन” हे खेड्यापाड्यांत आणि गल्लीबोळांत कोणीही टोचून देतो. हे औषध चांगल्या डॉक्टरच्या हातात, सलाइनमधून मोजून, बाळाचे ठोके ऐकत दिले तर उपकारक आहे. पण घाई म्हणून सरळ सुई टोचली, तर कळा एकावर एक येतात आणि वर सांगितलेला विसावा बाळाला मिळत नाही. दुसरी गोष्ट पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलण्याची. “जरा दाबा, लवकर मोकळी होईल” असे घरचीच माणसे म्हणतात! मोकळी करण्याच्या या घाईत आपण कोणाचा श्वास कोंडतो आहोत, याचा विचार करा.

यादी पाठ करून भागत नाही

आता खरी गोष्ट इथे आहे. वरची सगळी यादी पाठ केली आणि सगळ्या तपासण्या केल्या, तरी कितीतरी बाळे अशी असतात की जिथे धोक्याची कसलीही खूण आधी दिसत नाही. नऊ महिने सर्व सुरळीत आणि शेवटच्या घटकेला बाळ निळे! म्हणून “आमच्या सुनेला काही त्रास नाही, कुठेही केले तरी चालेल” हे बोलणे चुकीचे आहे. धोका कोणाच्या वाट्याला येईल हे आधी कळत नाही, म्हणूनच तयारी प्रत्येक बाळंतपणाला हवी. बँकेत दरोडा रोज पडत नाही, तरी तिजोरीला कुलूप रोज लावतात.

आणि ही तयारी म्हणजे काही मुंबई-इंदूरचे मोठे यंत्र नव्हे. दिवस भरलेल्या शंभर बाळांपैकी साधारण पंच्याऐंशी बाळे आपणहून श्वास घेतात. आणखी दहा बाळांना कोरडे पुसून, ऊब देऊन, पाठ चोळली की ती श्वास घेऊ लागतात. पाचेक बाळांना तोंडावर छोटा मास्क ठेवून पिशवीने हवा द्यावी लागते. छातीवर दाब आणि औषधे लागणारी बाळे त्याहून फारच थोडी. ही पिशवी म्हणजे अंबू बॅग. हातात मावणारी, लग्नातल्या एखाद्या चांगल्या आहेराच्या किमतीत येणारी. तिला वीज लागत नाही. तिला लागतो तो शिकलेला हात, आणि तोही पहिल्या एका मिनिटाच्या आत. वैद्यकशास्त्रात त्याला सुवर्णमिनिट म्हणतात.

“काय करणार, सिलिंडर संपला होता” ही सबब पूर्वी चालून जात असे. ती आता चालू देऊ नका. दिवस भरलेल्या बाळाला पहिले श्वास द्यायला साधी खोलीतली हवा पुरते, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक आपल्याच देशात, दिल्लीच्या डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेच्या डॉ. ओला साउगस्टाड यांनी केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला, आणि २०१०पासून जगाने नियमावलीही तशीच बदलली. सिलिंडर असावाच, अपुऱ्या दिवसांच्या आणि अत्यवस्थ बाळांसाठी तो लागतोच. पण तो येईपर्यंत हात बांधून उभे राहणे हा गुन्हा आहे.

आपल्या घरांतले जुने उपायही एकदा तपासून घेऊ. बाळ रडले नाही की कांदा फोडून नाकाशी धरणे, थाळी वाजवणे, गार पाणी शिंपडणे, पाय धरून उलटे टांगून थापट्या मारणे. आजी-पणजींचा हेतू चांगला होता, त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हतेही. पण या सर्वांत जातो तो तोच सोन्याचा मिनिट. थाळी अवश्य वाजवा, मात्र बाळ रडल्यावर!

आणि ज्यांना वाटते की आज विज्ञान एवढे पुढे गेले आहे, नंतर मोठ्या दवाखान्यात नेऊन सगळे भरून काढता येईल, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. गुदमरलेल्या बाळाचे अंग तीन दिवस थंड ठेवून मेंदू वाचवायचा उपचार श्रीमंत देशांत रूढ आहे. तोच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत सुमारे ४०० बाळांवर तपासला गेला. निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. फायदा तर दिसला नाहीच, उलट थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के आणि न ठेवलेल्यांत ३१ टक्के. अर्थ साधा आहे. जे खाते पहिल्या मिनिटाला बुडाले, ते नंतर लाख रुपये ओतून वर येईलच असे नाही.

मराठी मुलखाने दाखवून दिलेले आहे

कोणी म्हणेल, आदिवासी भागात, खेड्यात हे कसे जमायचे? त्याचे उत्तर आपल्याच भाषेत लिहिलेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. कमी शिकलेल्या, शेतात राबणाऱ्या बायका. त्या बाळंतपणाला हजर राहायच्या, बाळ तपासायच्या, ऊब द्यायच्या, संसर्ग ओळखायच्या आणि न रडणाऱ्या बाळाला मास्क लावून श्वास द्यायच्या. त्या गावांत पहिल्या महिन्यातले बालमृत्यू दर हजारी ६२ होते, ते १९९७-९८पर्यंत २५.५वर आले. १९९९ साली हे काम ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढच्या अभ्यासात गुदमरून होणारे मृत्यू सुमारे दोन तृतीयांशांनी घटल्याचे दिसले. २०११ साली देशभर आशा कार्यकर्तीने घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची योजना आली, तिचे मूळ याच कामात आहे.

गडचिरोलीच्या जंगलातली बाई दिव्याच्या उजेडात जे करू शकली, ते जिल्ह्याच्या गावी संगमरवरी पायऱ्यांच्या दवाखान्यात होते का, हे विचारले तर कोणाचा अपमान का व्हावा?

सीमेवरचे माहेर

आता आपल्या समाजाच्या एका खास दुखण्याकडे येतो. आपल्या सोयरिकी तापीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पसरलेल्या. लेक रावेर, सावदा, यावल, भुसावळ, जळगावला दिलेली, सून तिकडचीच आणलेली. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण करून ओटी भरायची आणि मुलीला घेऊन यायचे. रीत प्रेमाची आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण इथे मुलगी केवळ गाव बदलत नाही, राज्य बदलते. तपासण्या महाराष्ट्रात, बाळंतपण मध्य प्रदेशात. ओटीचे नारळ, खण, तांदूळ सगळे बरोबर येते आणि फाइल सासरच्या कपाटात राहते!

माझ्या नात्यातल्या एका मुलीचे असेच झाले. सासरी रक्तदाब दोनदा वाढलेला नोंदवला होता, गोळ्या चालू होत्या. इकडे आल्यावर गोळ्या संपल्या आणि कागद तिकडेच. ऐन वेळी दवाखान्याने विचारले, पूर्वी काही त्रास? आईने अभिमानाने सांगितले, काही नाही, अगदी ठणठणीत! पुढे काय झाले ते इथे लिहीत नाही. घरच्यांना ते माहीत आहे, तेवढे पुरे.

म्हणून माझे सांगणे आहे की ओटी भरताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळ्या तपासण्यांचे कागद ओटीतच घाला. मुलगी आली की आठवड्याच्या आत ज्या दवाखान्यात बाळंतपण करायचे तिथे नाव नोंदवा, रक्त आणि रक्तदाब पुन्हा तपासा. आशाताईला कळवा. आणि ऐनवेळी इकडून तिकडे न्यायचे झाले तर गाडी कोणती, रस्ता कोणता, कोणत्या दवाखान्यात, हे आधी ठरवा. राज्यांची हद्द कागदावरची आहे, पण रात्री दोन वाजता तीच हद्द डोंगराएवढी होते.

दुसरी चाल नव्याने शिरली आहे, ती सुखवस्तू घरांत. मुहूर्ताचे सिझेरियन! पत्रिका चांगली निघावी म्हणून ज्योतिषी तारीख देतो आणि दिवस पूर्ण भरायच्या आधीच पोट उघडायला सांगतात. ३९ आठवडे भरण्याआधी कारण नसताना केलेल्या सिझेरियनमध्ये बाळाच्या फुप्फुसात पाणी राहून श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. जिथे गरज आहे तिथे सिझेरियन आई आणि बाळ दोघांना वाचवते, त्याला उशीर करणे हेही पाप. पण ग्रह उच्चीचे मिळावेत म्हणून बाळाचा श्वास पणाला लावायचा, ही कोणती संस्कृती?

बऱ्हाणपूरचे नाव जगात कशाने?

आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो की ताजमहाल खरे तर इथेच व्हायचा होता. पण तो कशाबद्दल? शहाजहानची बेगम मुमताज महल १७ जून १६३१ रोजी याच गावात चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे झैनाबादच्या आहुखान्यात तिला आधी पुरले, नंतर आग्र्याला नेले. हिंदुस्थानच्या बादशहाच्या खजिन्यात कशाची कमतरता नव्हती, पण अडलेल्या बाळंतिणीपुढे तो खजिना कामाला आला नाही. तिची मुलगी गौहर आरा मात्र जगली आणि १७०६पर्यंत जगली. म्हणजे आपल्या गावाचे नाव जगाच्या इतिहासात एका बाळंतपणाच्या मृत्यूशी जोडले गेले आहे. जवळजवळ चारशे वर्षे झाली. बादशहाकडे जे ज्ञान नव्हते ते आज नर्सच्या हातात असू शकते. तरीही या गावाने बाळंतपणाच्या खोलीवरून एकदाही निवडणूक लढवू नये?

आता आकडे पाहू, कारण आकडे खोटे बोलत नाहीत, फक्त कोणी विचारत नाही. सरकारच्याच नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली मध्य प्रदेशात दर हजार जिवंत जन्मांमागे ४३ बाळे वर्षाच्या आत गेली. महाराष्ट्रात १६, केरळात ६, देशाची सरासरी २८. मध्य प्रदेशातल्या त्या ४३पैकी ३१ बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेलेली, म्हणजे चारातली जवळजवळ तीन. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंची मोठी कारणे तीन : अपुऱ्या दिवसांचा जन्म, जंतुसंसर्ग आणि जन्मताना गुदमरणे. २०१८ ते २०२०च्या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ माता गेल्या, महाराष्ट्रात ३३. २०२३च्या आकड्यांत आपल्या राज्याचा बालमृत्यूदर ३७पर्यंत खाली आला, हे मान्य. पण त्याच वर्षी देश २५वर होता, आणि आपण देशातल्या सर्वांत वाईट राज्यांच्या पंगतीतच बसलेलो होतो.

हे आकडे राज्यांचे आहेत. आपल्या जिल्ह्याचा आकडा याहून चांगला असेल किंवा वाईट असेल. पण तो आपण कधी मागितला का? १९५६पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळा होऊन आपला स्वतःचा जिल्हा झाला. तेव्हा आपण फटाके वाजवले, कारण जिल्हा म्हणजे जिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचे अधिकारी, जिल्ह्याचा हिशेब. फटाके वाजले, हिशेब मात्र कोणी मागितला नाही.

योजना नाहीत असे नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यात बाळंतपण करणाऱ्या बाईच्या खात्यात पैसे येऊ लागले. आमच्याच बँकांनी ती खाती उघडली. २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे डॉक्टर-नर्सना शिकवण्यासाठीच तो होता. २०११ साली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, जेवण, गाडी सर्व फुकट करणारा कार्यक्रम आला. २०१७ साली बाळंतपणाची खोली सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ आला. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत मध्य प्रदेशातली दहापैकी नऊ बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात. मग मृत्यू एवढे का? कारण आपण बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणले आणि तिथेच काम संपले असे मानले. दारातून आत गेल्यावर पहिल्या मिनिटाला काय झाले, ते कोणी मोजत नाही. पैसा खात्यात जमा झाला, हे मोजणे सोपे. श्वास जमा झाला का, हे कोण मोजणार?

मग काय मागायचे?

पहिले, प्रत्येक घराने दवाखाना ठरवताना पाच प्रश्न विचारायचे. रात्रीच्या पाळीत बाळाला श्वास देण्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती कोण असते? बाळाच्या मापाची पिशवी आणि मास्क बाळंतपणाच्या टेबलाजवळ तयार असतो का? कळा चालू असताना बाळाचे ठोके किती वेळाने ऐकतात? सुरुवातीला निदान दर अर्ध्या तासाने आणि बाळ बाहेर यायच्या वेळी दर पाच मिनिटांनी ऐकले पाहिजेत. बाळंतपण पुढे कसे सरकते आहे, याचा आलेख कागदावर काढतात का? आणि सिझेरियनची वेळ आली तर भूल देणारा डॉक्टर आणि रक्त किती वेळात मिळते? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. जो रागावतो, तिथून उठायचे.

दुसरे, सुट्टीच्या कागदावर अपगार गुण लिहून मागायचे. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार या बाईंनी १९५२ साली ही पद्धत काढली. हृदयाचे ठोके, श्वास, अंगाचा ताठरपणा, प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण, जन्मानंतर एका मिनिटाला आणि पाच मिनिटांनी. हे गुण म्हणजे बाळाचे भविष्य नव्हे, तर त्या मिनिटाची नोंद. पासबुकात नोंद नसेल तर आपण व्यवस्थापकाच्या केबिनपर्यंत जातो. बाळाच्या कागदावर नोंद नसेल तर मुकाट्याने घरी येतो!

तिसरे, मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद करायची. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने ती बंधनकारक आहे. “जाऊ द्या, त्याचे कशाला कागद” असे म्हणून आपण ते बाळ हिशेबातूनच पुसून टाकतो. कळा सुरू होईपर्यंत जिवंत असलेली कितीतरी बाळे त्या पुसलेल्या ओळींत असतात. ज्याची नोंद नाही त्याची चौकशी नाही, आणि ज्याची चौकशी नाही ते पुन्हा घडते.

चौथे, आणि हे आपल्या संघटनेचे काम. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून जिल्ह्यातल्या सरकारी बाळंतपणाच्या ठिकाणांचा हिशेब मागायचा. वर्षात बाळंतपणे किती, मृत जन्म किती, न रडलेली बाळे किती, नवजात कक्षात दाखल किती, गेलेली किती, शिकवलेले कर्मचारी किती आणि रिक्त जागा किती. उत्तर आले की ते याच पत्रकात छापायचे. मंगळवारच्या जनसुनवाईत उभे राहायचे, १८१वर तक्रार टाकायची. खाजगी दवाखान्यांनीही हाच हिशेब आपणहून लावावा, अशी विनंती आपल्याच समाजातल्या डॉक्टरांपासून सुरू करायची.

पाचवे, खकनार, धुळकोट, नेपानगरकडच्या आदिवासी पाड्यांना यातून वगळायचे नाही. आपल्या लेकीला गाडी मिळेल, ओळख मिळेल. तिथल्या कोरकू आणि बारेला बाईला काय मिळते? आपण जुने, शिकलेले, कागद वाचता येणारे लोक आहोत. ज्याला वाचता येते त्याने दोघांचा अर्ज लिहावा, हीच आपल्या संतांची शिकवण आहे.

काही मंडळी म्हणतील, हा बायकांचा विषय, राजकीय पत्रकात कशाला? त्यांना माझे उत्तर आहे की ज्या राज्यात दर हजारी ३७ बाळे वर्षाच्या आत जातात, तिथे याहून मोठा राजकीय विषय मला तरी दाखवा. पुतळा उभा राहायला उशीर झाला तर तो पुढच्या वर्षी उभा राहतो. न मिळालेला श्वास पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबत नाही.

या वेळी मते मागायला कोणीही येवो, आपला असो की परका, पांढऱ्या गाडीतून येवो की पायी. त्याला चहा द्या, आदराने बसवा आणि एकच विचारा : साहेब, आमच्या जिल्ह्यात रात्री दोन वाजता जन्मलेले बाळ रडले नाही, तर त्याच्या पहिल्या मिनिटाला तिथे कोण उभे असते? नाव सांगा. पद नको, योजना नको, नाव सांगा. ज्याला सांगता येणार नाही, त्याने ते शोधून आणावे आणि मगच मत मागावे.